‘ब्लडस्टोन’ बघावा की ‘असेन्शन’? दोन व्हॅम्पायर-सिक्वेल आमनेसामने

कमी बजेटचे भयपट आवडीने बघणारे दोघे एकत्र आले आणि व्हॅम्पायरपटांच्या दुसऱ्या भागाचा विषय निघाला, की दोन नावांवरून हमखास वाद होतो. एक ‘ब्लडस्टोन: सबस्पीसीज 2’ (1993), दुसरं ‘ड्रॅक्युला 2: असेन्शन’ (2003). दोन्ही अमेरिकन, दोन्ही थिएटरला बगल देऊन थेट व्हिडिओवर आलेले आणि दोन्ही रोमानियात चित्रित झालेले. दोन्हींच्या वेळी पुढच्या भागाचं शूटिंगही लगोलग उरकून घेतलं होतं, त्यामुळे दोन्हींचा शेवट मधेच लोंबकळत राहतो. इतकं साम्य असूनही अनुभव मात्र अगदी वेगळा. एकच बघणार असाल तर माझं मत ‘ब्लडस्टोन’ला. पण ‘असेन्शन’वाल्यांच्या म्हणण्यातही दम आहे.

‘ब्लडस्टोन’ची गोष्ट पहिला भाग संपतो तिथूनच सुरू होते. 1991च्या त्या ‘सबस्पीसीज’ (म्हणजे उपजाती) चित्रपटात राडू नावाच्या व्हॅम्पायरचं मुंडकं उडवलेलं असतं. इथे त्याच्याच रक्तामांसातून जन्मलेली छोटी सैतानी पिल्लं ते मुंडकं परत धडाला लावून देतात. मानेतून शिरा-स्नायूंचे धागे वर सरकतात, एकमेकांना शोधतात, जुळतात. संगणकाची मदत नाही, सगळं हाताने केलेलं, तरी आजही अंगावर काटा येतो. ज्यांना हा चित्रपट आवडतो ते पहिल्यांदा हाच प्रसंग सांगतात, आणि ज्यांना आवडत नाही त्यांची तक्रारही इथूनच सुरू होते: ही पिल्लं एवढं काम करून जी गायब होतात, ती पुढे जवळपास दिसतच नाहीत. मालिकेचं नाव ज्यांच्यावरून, तीच नाहीत म्हटल्यावर नाराजी रास्तच आहे.

पण राडू आहे ना! अँडर्स होव्ह या डॅनिश नटाने तो असा उभा केलाय की बाकीच्या उणिवा पोटात घालाव्याशा वाटतात. पांढराफटक चेहरा, ओठांच्या कोपऱ्यातून सतत ओघळणारी रक्ताची लाळ, वीतभर लांब बोटं आणि घशात खरखरणारा आवाज. हा देखणा, रुबाबदार उमराव अजिबात नाही. कुजलेला, हावरा, तरीही एका मुलीसाठी झुरणारा प्राणी आहे. दिग्दर्शक टेड निकोलाऊ त्याला पुष्कळदा नुसत्या सावलीतून दाखवतो. बुखारेस्टच्या रात्रीच्या गल्लीत एखाद्या भिंतीवर आधी बोटांची सावली येते, मग ती लांबत लांबत पूर्ण भिंत व्यापते, आणि माणूस अजून कुठेच दिसलेला नसतो. मूकपटांच्या काळातली ही युक्ती दिवा आणि भिंत एवढ्यावर भागते. पैसे कमी असताना काय करावं याचा हा धडाच आहे.

कथा साधी आहे. व्हॅम्पायर झालेली मिशेल राडूपासून पळून बुखारेस्टला येते, रक्ताची तहान तिला सोसवत नाही, आणि तिची बहीण बेकी तिला शोधत अमेरिकेहून येऊन पोचते. बेकीचं काम ‘स्टार ट्रेक’वाले अभिनेते विल्यम शॅटनर यांची मुलगी मेलनी शॅटनर हिने केलंय. मिशेलची भूमिका मात्र पहिल्या भागात लॉरा टेटची होती, इथे ती डेनिस डफकडे आली. पहिला भाग ताजा असेल तर पहिली काही मिनिटं हा बदल खटकतो. पुढे डफ इतकी घट्ट बसते की तीच खरी मिशेल वाटू लागते. माणूसपण सुटत चाललंय याची लाज तिच्या डोळ्यांत सतत दिसते. राडूची ममीसारखी वाळलेली आई आणि विनोदासाठी आणलेले पोलिस यांच्याबद्दल मतभेद आहेत. आई मला आवडली, पोलिस नाही. मधला वेग संथ आहे, हा आक्षेपही खरा आहे.

आता ‘असेन्शन’. याचा पहिला भाग 2000 साली थिएटरात लागला होता आणि त्यात जेरार्ड बटलर ड्रॅक्युला होता. सिक्वेलमध्ये तो नाही, त्याच्या जागी स्टीफन बिलिंग्टन. दिग्दर्शक मात्र तोच, पॅट्रिक लूसिए. न्यू ऑर्लिन्सच्या शवागारात एक जळालेला देह येतो, तिथल्या तरुणांना कळतं की हा मेलेला नाही, आणि व्हीलचेअरवर खिळलेला एक प्राध्यापक त्याच्या रक्तात स्वतःच्या आजारावरचा इलाज शोधू लागतो. म्हणजे इथे व्हॅम्पायरच कैदी आणि माणसंच त्याचं रक्त काढणारी. या उलट्या मांडणीसाठी चित्रपटाला दाद द्यायलाच हवी. त्याच्या बाजूने बोलणारे हेच सांगतात: पहिल्या भागापेक्षा यात डोकं जास्त आहे.

लोककथांचा वापर तर फारच छान. युरोपात जुनी समजूत आहे की व्हॅम्पायरपुढे बारीक दाणे विखुरले की ते मोजल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही आणि गाठी दिसल्या की सोडवल्याशिवाय राहवत नाही. चित्रपटातला एक तरुण हे वाचून कैद्याभोवती मोहरी पसरतो, गाठींचं जाळं टाकतो. आपल्याकडे दृष्ट काढताना मीठ-मोहरी ओवाळतात, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हा प्रसंग परका वाटत नाही. शिवाय जेसन स्कॉट लीने केलेला पाद्री आहे. व्हॅम्पायर मारत हिंडणारा आणि स्वतःलाच लागण झालेला, म्हणून उन्हात उभं राहून अंगातलं विष जाळणारा. चित्रपटातलं सर्वात जिवंत पात्र हेच. तो पडद्यावर नसला की लगेच जाणवतं.

अडचण अशी की ड्रॅक्युलाला करायला काही नाही. बराच वेळ तो अतिनील दिव्यांखाली बांधलेला असतो आणि बोलतोही थोडंच. खलनायकच जखडून ठेवल्यावर भीती कुठून येणार? तणाव सगळा त्या तरुणांच्या आपसातल्या लोभातून निर्माण करावा लागतो, आणि त्यातली निम्मी पात्रं नावानिशी लक्षातही राहत नाहीत.

मला दोन्हींतला मोठा फरक दिसतो तो जागेच्या वापरात. 1989च्या डिसेंबरमध्ये रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि त्यानंतर लवकरच ‘सबस्पीसीज’ची मंडळी तिथे पोचली. तिथल्या दगडी कमानी, पडझड झालेल्या वास्तू, अंधारे रस्ते त्यांनी जसेच्या तसे पडद्यावर आणले. ‘ब्लडस्टोन’मधलं बुखारेस्ट हे बुखारेस्टच आहे, आणि त्या काळातली त्याची थकलेली, कमी उजेडाची अवस्था गोष्टीला पूरक ठरते. ‘असेन्शन’ने त्याच देशात जाऊन न्यू ऑर्लिन्सचा आव आणला. परिणामी कथा बंद खोल्यांत कोंडली गेली आणि शहर कुठे जाणवलंच नाही. हातात असलेली सर्वात मोठी गोष्ट झाकून ठेवली, याची मला खरंच हळहळ वाटते.

तेव्हा निवड अशी करा. वातावरण, सावल्या, लक्षात राहणारा राक्षस हवा असेल आणि संथपणा चालत असेल, तर ‘ब्लडस्टोन’. रामसे बंधूंचा ‘बंद दरवाजा’ (1990) ज्यांनी आवडीने पाहिलाय त्यांना तो लगेच आपलासा वाटेल. वेगवान कथा, नवी कल्पना आणि थोडी मारामारी हवी असेल, तर ‘असेन्शन’. पहिला भाग न बघताही तो कळतो, फक्त हा ड्रॅक्युला म्हणजे मुळात येशूला दगा देणारा ज्यूडास, हे धरून चालायचं. ‘ब्लडस्टोन’आधी मात्र पहिला भाग बघितलेला बरा. रक्त दोन्हींत भरपूर आहे, लहान मुलांसोबत बसू नका.

तिसऱ्या भागाचाही विचार आधीच करून ठेवा. ‘ब्लडलस्ट: सबस्पीसीज 3’ (1994) दुसऱ्याला इतका चिकटून आहे की शक्य झालं तर त्याच रात्री लावावा. ‘असेन्शन’पुढचा ‘लेगसी’ (2005) गोष्ट अखेर रोमानियात घेऊन जातो आणि ड्रॅक्युला म्हणून नावाजलेला डच नट रुटगर हाउअर याला आणतो. तो येतो मात्र पार शेवटाकडे, तेव्हा पोस्टरवरचं नाव बघून घाई करू नका.