थार की जिम्नी: घोडबंदरवाल्या भाच्यासाठी

भाचा घोडबंदर रोडला राहतो. महिंद्राची तीन दारांची थार घ्यावी की मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी, हे त्याचं ठरत नाहीये.

घराणी दोघींची अस्सल. महिंद्राने 1947 पासून विलीज जीप जोडायला घेतल्या, थार त्याच वंशातली. जिम्नीची पूर्वज म्हणजे सुझुकीची एलजे10, 1970 ची. पाच दारांची जिम्नी आपल्याकडे 2023 मध्ये आली.

लांबी दोघींची 3985 मिलिमीटर, पण रुंदीला थार 1820 आणि जिम्नी 1645. सोसायटीच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये हा वीतभर फरक रोज जाणवतो. शिवाय थारमध्ये मागे बसायला पुढची सीट वाकवून चढावं लागतं. माझ्या ताईच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही.

ताकदीत मात्र थारच. 2.2 लिटर डिझेल भरल्या गाडीनिशी माळशेज दमदारपणे चढतं, तिथे जिम्नीचं दीड लिटर पेट्रोल गिअर मागतं. चिखलात जिम्नी हलकी म्हणून कमी रुतते. फोर-लो, म्हणजे अवघड वाटेसाठी चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर, जिम्नीत आहे आणि थारच्या फोर-बाय-फोर मॉडेलांत. डिझेल रोज सिग्नल ते सिग्नल रखडवलं तर डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचते, हेही धरा.

दर शनिवार-रविवार घाट आणि लांबचा हायवे असेल तर डिझेल थार. रोजचं ऑफिस, सोबत आई आणि पावसाळ्यात अधूनमधून कच्चा रस्ता, तर जिम्नी. भाच्या, तू जिम्नीच घे.