धोलाविऱ्याचं वाण्याचं दुकान: वजन चोख, बिस्किटं मात्र बघून घ्या

तोलमाप खात्यातून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली, पण खोड गेलेली नाही. दुकानात शिरलो की आधी काटा बघतो, माल नंतर. बडोद्याच्या दांडियाबाजारातले दुकानदार अजून मला बघून पारडं पुसून घेतात. तेव्हा हे परीक्षण कुणाचं आहे ते लक्षात ठेवून वाचा.

जानेवारीत सौ. आणि पुतण्याला घेऊन कच्छमध्ये धोलाविऱ्याला गेलो. पहाटे बडोद्याहून निघालो, रापरला टाकी भरली आणि दिवस कलताना खडीर बेटावर पोचलो. बेट म्हणायचं, पण चहूकडे पाणी नाही, मिठाचं रण. दुकान गावाच्या कडेला आहे. पाटी नाही, निळी फळी आणि बाहेर एक खाट, एवढीच खूण.

आत डोळे सरावायला मिनिटभर लागतं. वर शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा, खाली बाजरीच्या पिठाचं पोतं, गूळ, सिंगतेलाचे (शेंगदाण्याच्या तेलाचे) डबे, सरकीची पेंड. त्यातच गुरांच्या गळ्यातल्या घंटा, दोरखंड, बॅटरीचे सेल, शाळेच्या वह्या आणि पाइपाचे सांधे. आपल्यासारख्या फिरत्या लोकांसाठी मांडलेलं असं काही नाही: चुंबकाच्या बाहुल्या नाहीत, आरसे लावलेल्या पिशव्या नाहीत. हे मला फार आवडलं. सौ.ला नाही.

सौ.ने अर्धा किलो गूळ मागितला आणि तेवढ्यात व्होल्टेज पडलं. इलेक्ट्रॉनिक काटा आकडे सोडून भलतंच दाखवू लागला. दुकानदाराने तो सरळ बंद केला आणि खालून जुना तराजू काढला. इथे माझे कान टवकारले, कारण नोकरीतल्या निम्म्या लबाड्या मी असल्या 'खालून काढलेल्या' तराजूंवरच पकडल्यात. मी वजन मागून घेतलं आणि उलटं केलं. लोखंडी वजनाच्या तळाला खळगा असतो, त्यात शिसं भरून त्यावर खात्याची मोहोर मारतात. काही जण ते शिसं कोरून काढतात, वजन हलकं होतं आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. इथे शिसं जागच्या जागी, मोहोर स्वच्छ. रिकामी पारडी समोरासमोर थांबली, सुईएवढासुद्धा झोल नाही. तो हसला: "काका, खातामां हता?" मी कबूल केलं. मग चहा आला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

पाण्याची बाटली छापील किमतीला, थंडगार. 'गार करण्याचे पाच रुपये वरती' हा प्रकार मी हायवेवर याच प्रवासात दोनदा सोसला होता, दुसऱ्यांदा भांडून. इथे त्याची गरजच पडली नाही.

आता तक्रार. क्रीमच्या बिस्किटांच्या तीन पुड्यांची तारीख उलटून गेली होती. दाखवल्यावर त्याने काही न बोलता उचलल्या आणि दारातल्या शेळीपुढे फोडल्या. शेळी खूश. पण लहान मुलाने घेतल्या असत्या तर? तेव्हा पुडा उलटून बघाच. आणि रोख न्या. फोनला रेंज येते-जाते. पुतण्या पैसे पाठवायला फोन वर धरून खाटेवर उभा राहिला होता, शेवटी मीच नोटा काढल्या.

दुकानदाराचा सल्ला गुळाइतकाच खरा निघाला. "बपोरे ना जाशो," तो सौ.ला म्हणाला. म्हणजे दुपारी जाऊ नका. म्हणून हडप्पाकालीन शहराचे अवशेष सकाळीच पाहिले. २०२१ साली या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण सावली म्हणाल तर फारशी नाही. मनसर आणि मनहर हे दोन ओढे फक्त पावसाळ्यात वाहतात. त्यांचं पाणी अडवून साठवायला चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी लोकांनी खडक कोरून तलाव केले. पायऱ्या अजून उतरता येतील अशा आहेत. जिप्समच्या दहा चिन्हांची पाटीही इथेच, उत्तरेच्या दरवाजापाशी सापडली. कुणाला वाचता आलेली नाही. माझं मन मात्र वजनांत अडकलेलं. हडप्पाच्या लोकांची वजनं चर्ट दगडाची, घासून केलेली चौकोनी. एकाचं दुप्पट, त्याचं दुप्पट, असं करत चौसष्ट पटींपर्यंत. सोळा पटींचं वजन भरतं १३.६ ग्रॅमच्या आसपास. आणि हा हिशेब गावोगाव सारखाच! तेव्हाचा तपासनीस कसा असेल, असं म्हणालो तर पुतण्या म्हणाला, "तुमच्यासारखाच, काका. नकोसा."

उन्हं उतरल्यावर फॉसिल पार्क. ज्युरासिक काळातल्या झाडाचं खोड दगड होऊन पडलंय, आणि त्याच्यापलीकडे क्षितिजापर्यंत पांढरं रण. जवळ जाऊन हात लावावा, घाई करू नये.

परत येताना खावड्याकडच्या नव्या रस्त्याने आलो. तीसएक किलोमीटर दोन्ही बाजूंना मीठच मीठ. दुकानदाराने बजावलं होतं, गाडी रस्त्याखाली घालू नका. वरचा थर फुटतो आणि खाली चिखल असतो. वाटेत एक जीप चाकांपर्यंत रुतलेली दिसली, तिच्यातले चौघे मिठावर उभे राहून एकमेकांवर ओरडत होते. काळो डुंगर ४६२ मीटर, कच्छमधला सर्वांत उंच. दत्ताचं दर्शन झालं, पण कोल्ह्यांना घालतात तो दुपारचा प्रसाद हुकला.

खावड्याला मावा घेतला. छान होता, पण सौ.चं लक्ष गुळावर. बडोद्याहून नेलेला लीला चिवडा संपल्यावर ती येताजाता खडा तोंडात टाकत राहिली. घरी माझ्या काट्यावर तो अर्धा किलो पुन्हा तोलायचा बेत होता, तो तेवढा फसला.