पंप बदलला म्हणून २६,५०० रुपये घेतले, पण पंपाला पाना लागलाच नव्हता

परवा कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे (ढेपा) उतरवत होतो. शेजारचा पिकअपवाला म्हणाला, "भावा, गाडी सकाळी स्टार्टच घेईना. गॅरेजवाला म्हणतोय पंप गेलाय." कुठलं गॅरेज म्हणून विचारलं तर मला ज्यानं फसवलं तेच, हायवेलगतचं. म्हणून आज हे लिहायला बसलोय.

माझी पिकअप २०१० ची, डिझेल, जुन्या मेकॅनिकल पंपाची, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाची. पन्हाळ्याच्या बाजूच्या गुऱ्हाळांवरून गूळ भरायचा आणि यार्डात आणायचा, ह्यावर घर चालतं. गेल्या हंगामात गाडी सकाळी इंजिनजवळचा डिझेल ओढायचा हातपंप मारल्याशिवाय सुरू होईना. मग एक दिवस वाघबीळच्या चढाला, गाडी रिकामी असतानासुद्धा, दम तुटला आणि बंद पडली. हंगामात एक दिवस गाडी उभी राहिली की गुऱ्हाळवाला दुसरी गाडी बघतो. त्या घाईतच मी सापडलो.

गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, दोन वेळा सेल्फ मारला आणि सांगितलं, "मालक, पंप संपला. दुरुस्तीला पैसे घालू नका, नवाच टाकूया." पंप २२,००० चा, बाकी फिल्टर, टायमिंग, मजुरी. दोन दिवस गाडी ठेवून घेतली. जुना पंप मागितला तर म्हणाला, एक्सचेंजमध्ये कंपनीला जमा करावा लागतो. बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वर पडेल, कशाला उगाच. १०,००० आधी फोनवरून पाठवले होते, उरलेले रोख दिले. पंप चांदीसारखा चकचकीत दिसत होता, मला तेवढंच पुरलं.

नऊ दिवस गाडी झकास चालली. दहाव्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

ह्या वेळी शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. काकांनी पंपाला हात लावायच्या आधी एका डब्यात डिझेल घेतलं, टाकीकडून येणारी नळी काढली आणि डब्यातून थेट पंपाला डिझेल दिलं. नळीतली हवा म्हणजे एअर काढून सेल्फ मारल्यावर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. अर्धा तास रेस करून बघितली, आवाजात फरक नाही. म्हणजे पंप ठीक, खोट टाकीकडच्या लाइनीत. चेसीच्या कडेला जिथं रबरी नळी घासते तिथं त्यांनी ती बोटांनी वाकवली आणि केसाएवढी चीर दिसली. बाहेर डिझेलचा थेंब नाही, कारण त्या भागातलं डिझेल पंप ओढून घेत असतो. चिरेतून डिझेल गळत नाही, हवा आत जाते, आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं. गॅरेजवाल्यानं एअर काढून नवा फिल्टर घातला, नळी जराशी हलली, तेवढ्यावर माझे नऊ दिवस निघाले होते. नवी नळी आणि दोन क्लिपा, १८० रुपये.

मग काका टॉर्च घेऊन पंपावर वाकले. "बाळा, हिकडं बघ. ह्या पंपाला कुणी पानाच लावला नाही." चंदेरी रंगाचा थर पंपावरून नटावर आणि नटावरून ब्रॅकेटवर सलग उतरला होता. पाना फिरला असता तर नटाच्या कोपऱ्यांवर रंग उडाला असता. मागच्या काळ्या नळीवरही रंगाचे बारीक शिंतोडे होते. माझाच पंप, जागेवरच, वर स्प्रे मारलेला. ते बघून मला तिथंच खाली बसावंसं वाटलं. बायकोनं भिशीचे उचलून दिलेले पैसे होते ते.

विचारायला गेलो तर गॅरेजवाला म्हणाला, "बिल दाखवा." पंप बदलायला कुणी सांगितलं तर आधी डबा लावून बघायला लावा, आणि पंप खोलताना तिथंच उभे राहा. खरंच शंका असेल तर पंप कॅलिब्रेशनवाल्याकडं बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या मशीनवर, चढवून घ्या. पंपावरच्या पाटीचा नंबर आजच फोनमध्ये टिपून ठेवा. माझ्याकडं तो असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. जुना पार्ट तुमच्या पैशाचा आहे, तो डिकीत येऊ दे.

ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथं मी तक्रार नोंदवली. गाडी धंद्याची म्हणून तू ग्राहक नाहीस, असं एकानं मला सांगितलं होतं. पण स्वतःच्या कष्टानं पोट भरायला घेतलेली गाडी असेल तर २०१९ च्या कायद्यात आपण ग्राहकच आहोत. जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि आपण मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही. मिस्त्री काकांनी काय सापडलं ते सही करून लिहून दिलंय, १०,००० पाठवल्याची नोंद फोनवर आहे, फोटो काढलेत. पंपावरचा रंग मी पुसलेला नाही. निकाल लागेपर्यंत त्या नटांना कुणाला हात लावू देणार नाही.