हेड उघडलंच नाही, बिल मात्र नव्या गॅस्केटचं

गॅरेजच्या बिलावर चार गोष्टी लिहिल्या होत्या: हेडचं फेसिंग, नवं हेड गॅस्केट, नवे हेड बोल्ट, नवा थर्मोस्टॅट. हेड म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवर, सिलिंडरांच्या डोक्यावर बसणारं झाकण; गॅस्केट म्हणजे त्या दोघांमधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर; फेसिंग म्हणजे हेडचा तळ मशिनवर सपाट करणं; आणि थर्मोस्टॅट म्हणजे तापलेल्या पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप. यांतलं एकही काम झालेलं नव्हतं. इंजिनात फक्त एक बाटली ओतली होती. हे कसं उघडकीला आलं आणि गाडी ताब्यात घेतानाच ते कसं ओळखता येतं, एवढंच सांगायचंय.

गॅस्केट खरोखरच गेलं होतं, त्याबद्दल वाद नाही. गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची. कुलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी व्हायचं, पण गाडीखाली थेंब नाही आणि होजच्या सांध्यांना ओल नाही. गार इंजिन सुरू केलं की थोडा वेळ एक सिलिंडर अडखळायचा आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर यायचा. चढावर तापमानाचा काटा वर सरकायचा, त्याच वेळी हीटरमधून मात्र गार हवा. सगळ्यात बोलकी खूण रेडिएटरच्या वरच्या होजची. इंजिन सुरू होऊन जेमतेम दोन-तीन मिनिटं झालेली, पाणी अजून कोमटही नाही आणि होज टणक. पाणी तापायच्या आत एवढा दाब आणणारा एकच, सिलिंडरमधला जळका वायू.

तरीही खात्री करून घेतली. निळ्या द्रवाची चाचणी घरी सहज होते. गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढायचं (गरम असताना कधीही नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि झाकण फिरवताच उकळून अंगावर येतं), पाण्याची पातळी जरा खाली घ्यायची, द्रव भरलेली नळी तोंडावर घट्ट बसवायची आणि चालू इंजिनवर रबरी फुग्याने वरची हवा त्या द्रवातून ओढायची. हवेत ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा द्रव पिवळा होतो. माझा झाला. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजलं. कडेचे दोन सिलिंडर ठीक, मधले दोन शेजारी-शेजारी सारखेच खाली. त्या दोघांमधली गॅस्केटची अरुंद पट्टी जळल्याची ही ठरलेली खूण.

हेड उतरवायला तेव्हा सवड नव्हती, म्हणून गाडी गॅरेजला दिली. मालकाने चाचण्यांचे आकडे ऐकून मान डोलावली. काम झाल्यावर म्हणाला, "साहेब, हेड एकदम सपाट करून घेतलंय. आता काळजी नको." जुनं गॅस्केट मागितलं तर आधी "भंगारात गेलं", मग थोडी शोधाशोध आणि एक काळं पडलेलं गॅस्केट हातात. ते मी जपून ठेवलं. पुढे तेच कामाला आलं.

गाडी काही आठवडे छान चालली. मग हीटर पुन्हा कोमट झाला आणि कुलंटच्या टाकीत बुडबुडे दिसू लागले. रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंडाशी चकचकीत बारीक कण आणि तांबूस गाळ. हे बाटलीतल्या सीलरचं, म्हणजे गळती बुजवणाऱ्या द्रवाचं काम. अशा बऱ्याच सीलरमध्ये सोडियम सिलिकेट असतं. ते कुलंटमधून फिरतं, गळतीच्या जागी जास्त उष्णता मिळाली की त्यातलं पाणी उडतं आणि मागे काचेसारखा थर उरतो. चीर बारीक असेल तर तो थर काही काळ टिकतोही. अडलेल्या गाडीला घरापर्यंत पोचवायला कुणी हे जाणून-बुजून वापरलं तर माझी हरकत नाही. पण त्याला नवं गॅस्केट म्हणून विकणं म्हणजे सरळ चोरी. हेच रसायन उलट्या कामालाही येतं. अमेरिकेत 2009 साली जुन्या गाड्या मोडीत काढायची सरकारी योजना होती. त्यात आलेल्या गाड्यांचं ऑइल काढून त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचे, म्हणजे ते पुन्हा कुणी वापरू नये.

निळा द्रव पुन्हा लावला, पुन्हा पिवळा. मग टॉर्च घेऊन बाहेरूनच इंजिन नीट पाहिलं.

हेड आणि ब्लॉक जिथे जुळतात तिथे बाहेर एक रेघ दिसते, आणि बहुतेक इंजिनांत गॅस्केटची कडही त्या रेघेत डोकावते. नवं गॅस्केट असेल तर ती कड स्वच्छ दिसते. माझ्या इंजिनवर ऑइल आणि धुळीची खपली त्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत अखंड पसरलेली होती. हेड उचललं असतं तर ती तिथेच तुटली असती. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हेडमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) नटांवर गंज जसाच्या तसा, पाना लागल्याचा एक ओरखडा नाही. हेड काढायचं तर मॅनिफोल्ड तरी सोडवावा लागतो नाहीतर त्याखालचा पाइप. इथे दोन्हीकडे हात लागलेला नव्हता. हेडच्या वरच्या टॅपेट कव्हरचं रबर जुनं, कडक झालेलं. टायमिंग कव्हरचे बोल्ट धुळीने भरलेले. निदान इंजिन धुऊन तरी द्यायचं होतं त्याने, म्हणजे मला शोधायला थोडा त्रास झाला असता. यावरून एक ध्यानात घ्या: मोठं काम करून आलेलं इंजिन बाहेरून अगदी लख्ख धुतलेलं असेल तर तेवढ्यावर खूश होऊ नका, खुणाही त्याच पाण्याबरोबर गेलेल्या असू शकतात. गाडी देण्यापूर्वी हेड-ब्लॉकच्या रेघेवर आणि दोन-तीन नटांवर रंगाची बारीक आडवी रेघ ओढून फोटो काढावा. काम झालं असेल तर ती रेघ मोडणारच.

थर्मोस्टॅट काढायला फार वेळ लागत नाही, तो आधी काढला. "नव्या" थर्मोस्टॅटवर खाऱ्या पाण्याचे जुने थर होते. भांड्यात पाणी, त्यात थर्मामीटर आणि थर्मोस्टॅट सोडून तापवलं. त्यावर 82 अंश (उघडायचं तापमान) कोरलेलं होतं, पण पाणी उकळायला लागलं तरी तो जेमतेम फटीएवढा उघडला. म्हणजे ज्या कारणाने इंजिन तापून गॅस्केट जळलं तेच कारण आत तसंच ठेवलेलं. गॅस्केट सहसा आपणहून जात नाही. थर्मोस्टॅट, पंखा, वॉटर पंप किंवा तुंबलेला रेडिएटर यांतलं काहीतरी आधी बिघडलेलं असतं. ते न शोधता कुणी नवं गॅस्केट बसवलं तरी ते पुन्हा जायची भीती असते.

यानंतर हेड घरीच उतरवलं. इंजिन पूर्ण गार, बॅटरीची तार काढलेली, पहिला पिस्टन वरच्या टोकाला, टायमिंगच्या खुणांचे फोटो. हेड बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल केले. हेड उचललं आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध काळी जळकी वाट दिसली. गॅरेजने दिलेलं "जुनं" गॅस्केट शेजारी ठेवलं. सिलिंडरची भोकं लहान आणि पाण्याच्या वाटा भलत्याच ठिकाणी. ते दुसऱ्याच कुठल्या इंजिनचं होतं.

हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून पाहिलं. बऱ्याच इंजिनांत 0.05 ते 0.1 मिलिमीटरच्या पलीकडे बाक चालत नाही, नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतो. माझं हेड त्या मर्यादेबाहेर होतं. म्हणजे फेसिंग लागणारच होतं आणि तेच केलेलं नव्हतं. या वेळी मशिनपाशी स्वतः उभा राहिलो, आणि हेडला तडा नाही ना, हेही दाब देऊन तपासून घेतलं. ताज्या फेसिंगवर कटरच्या बारीक समान रेषा दिसतात, बोटाला एकसारख्या लागतात. हेड बसवण्याआधी दाखवा म्हणायला लाजू नका.

बसवताना ब्लॉकचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या खरवडणीने साफ केला. ग्राइंडरची खरबरीत चकती तिथे फिरवणारे पुष्कळ आहेत, पण तिची पूड ऑइलच्या वाटेने बेअरिंगमध्ये जाते. बोल्टची भोकं कोरडी केली; बंद तळाच्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना त्याच्या दाबाने ब्लॉकच तडकू शकतो. बोल्ट नवे घेतले, कारण माझ्या इंजिनमधले आवळताना ताणले जाणारे आहेत आणि असे बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात. गॅस्केट स्टीलच्या थरांचं, ते कोरडंच ठेवलं, वर कसलीही पेस्ट नाही. मग मॅन्युअलमधल्या क्रमाने मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आधी ठरलेल्या जोराने (टॉर्क) आवळणं आणि नंतर ठरलेले अंश फिरवणं. टायमिंग जुळवल्यावर स्टार्टर मारण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला, काही अडत नाही ना पाहायला. नवं ऑइल, नवं कुलंट, आतली हवा काढणं आणि शेवटी निळा द्रव. तो निळाच राहिला.

ही फसवणूक उलट्या दिशेनेही करतात, तेही सांगतो. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दाखवून "गॅस्केट गेलं" म्हणायचं आणि चांगल्या इंजिनचं मोठं बिल लावायचं. गाडी थंडीत फक्त जवळच्या फेऱ्यांना वापरली तरी तशी साय जमते, ती नुसती साठलेली वाफ असते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कुलंट कमी होत नसेल तर आधी द्रवाची चाचणी मागा, आणि ती तुमच्यासमोर करायला सांगा.

फोटो, ते परकं गॅस्केट आणि थर्मोस्टॅट घेऊन गॅरेजात गेलो. मालक म्हणाला, "फेसिंग बाहेर दिलं होतं, त्यांनीच फसवलं असणार." हेड इंजिनवरून हललंच नाही तर फेसिंगवाल्याने फसवलं कशाला, याला उत्तर नव्हतं. अखंड खपलीचा फोटो पाहून तो गप्प झाला आणि बरेच पैसे परत दिले. सगळे नाही, "मजुरी तर झाली ना" म्हणून काही ठेवून घेतले. बाटली ओतायची मजुरी! तिचा गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत अजून अडकलेला आहे. उलट्या दिशेने पाणी सोडून बराच निघाला, तरी हीटर पूर्वीसारखा तापत नाही. तोही बदलावा लागेल, आणि त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.