शिवराई घ्यायची तर सांगलीतलं हे दुकान चांगलं, सोन्याचा होन मात्र नको

सराफ कट्ट्याजवळच्या बोळात तांब्या-पितळेची मोड घेणारं हे छोटं दुकान आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. दर्शनी भागात हंडे-कळश्या आणि आत काचेखाली नाण्यांचे सात-आठ ट्रे. त्यातला पाहण्यासारखा ट्रे शिवरायांचा, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यांचा.

या भागात शिवराई अजून जुन्या देव्हाऱ्यांतून, ओटीच्या डब्यांतून आणि मोडीच्या गोणीतून निघते, त्यामुळे माल बहुतेक अस्सल आहे. दुकानदार मात्र सगळ्याच शिवराया 'महाराजांच्या' म्हणून पुढे करतो. तसं नसतं. एका बाजूला 'श्री / राजा / शिव', दुसरीकडे 'छत्र / पति' हा मजकूर पुढे जवळजवळ दीड शतक पाडला गेला. सुरुवातीच्या शिवराया जाड असतात. त्यांचं वजन साधारण 11 ते 13 ग्रॅम, अक्षर ठसठशीत आणि कडेला ठिपक्यांचं वर्तुळ. 'छत्र' आणि 'पति' यांच्या मधे दोन आडव्या रेघा दिसल्या की ती दुदांडी. ती उत्तर पेशवाईतली, वजनाला बरीच हलकी. दुदांडीला इथे दीडशे-दोनशे रुपये सांगतात, ते रास्त आहे. त्याच नाण्याचे 'राज्याभिषेकाची शिवराई' म्हणून दोन हजार मागितले, तर हसून ट्रे परत सरकवावा. 'शिव'ऐवजी 'सिव', 'सीव' किंवा 'शीव' दिसलं तर ते नाणं खोटं समजू नका. ठसे कोरणाऱ्यांचे हात वेगवेगळे होते. हे फरक जमवण्यातच खरी मजा आहे, आणि दुकानदाराला त्याची किंमत माहीत नाही, हा गिऱ्हाइकाचा फायदा.

दुकानाचा मोठा गुण म्हणजे काउंटरवर दोन दशांशापर्यंत वजन दाखवणारा सराफी काटा आहे आणि तो वापरू देतात. वाटी मागून घ्या, पाणी भरा, काट्यावर ठेवून शून्य करा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या मूळ वजनाला भागा. 11.62 ग्रॅमची शिवराई पाण्यात 1.31 दाखवत असेल तर घनता 8.87 येते. शुद्ध तांब्याची घनता 8.96, म्हणजे ठीक. अंकुशाची खूण असलेल्या चांदीच्या अंकुशी रुपयाला 10.3-10.4 यायला हवं, 8.7च्या आसपास आलं तर ते जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदीसारखा दिसणारा पण चांदी नसलेला मिश्रधातू. नाण्याला बुडबुडे चिकटले की घनता खोटीच कमी येते, म्हणून आधी बोटाने पाणी चोळावं. एवढं सगळं करताना मालक कपाळाला आठ्या घालत नाही. दुसऱ्या दुकानांत नाणं हातात द्यायलाही कुरकुर करतात.

आदिलशाही लारीही इथे बऱ्या मिळतात. हे चांदीची तार दुमडून त्यावर ठसा मारलेलं केसाच्या आकड्यासारखं नाणं, वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. तार वाकते तिथे भिंगातून बघा. जुन्या तारेवर बारीक चिरा आणि काळपट थर असतो, नव्या तारेचा वाक गुळगुळीत असतो.

आता सोनं. 'होन' म्हणून लाल मखमलीच्या डबीत जे ठेवलंय, त्याच्याकडे बघूही नये. शिवकालीन होन इतका दुर्मीळ आहे की तो बोळातल्या डबीत बसून गिऱ्हाइकाची वाट बघत नाही. 'कट्ट्यावर कॅरेटमीटरवर लावून घ्या की' असं ठासून सांगतात. कॅरेटमीटर सोनं किती ते सांगेल, ठसा कधीचा ते नाही. खऱ्या 22 कॅरेटमध्ये पाडलेला खोटा होन ही चाचणी आरामात पास होतो. पाण्याची युक्तीही इथे चालत नाही, कारण पावणेतीन ग्रॅमच्या सोन्याचं आकारमान जेमतेम 0.15 घनसेंटिमीटर, त्यात काट्याची एका अंकाची चूक सगळं गणित बिघडवते. विजयनगरच्या पणम या चिमुकल्या सोन्याच्या नाण्याचं तर विचारूच नका, तो अर्ध्या ग्रॅमचाही नसतो.

त्याच काउंटरवर रामदरबार छापलेलं, '1818 ईस्ट इंडिया कंपनी' लिहिलेलं तांब्याचं नाणंही आहे. कंपनीने असलं नाणं कधी काढलंच नाही. हा जत्रेतला माल आहे. एकाच ट्रेमधल्या दोन नाण्यांवर तडा आणि तुटलेलं अक्षर अगदी एकाच जागी दिसलं, तर दोन्ही एकाच साच्यातली ओतीव समजावीत. हाताने पाडलेली दोन नाणी तंतोतंत सारखी येत नाहीत. ओतीव नाण्याच्या कडेला कानशीने घासलेली जोडाची रेघही सापडते.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे चिंच-मीठ लावून शिवराया चकाचक करणं. त्या तपकिरी थराखालीच अक्षरांच्या कडा जपलेल्या असतात. तो गेला की नाणं गुलाबी आणि बोडकं दिसतं, किंमत निम्म्यावर येते. 'न धुतलेल्या दाखवा' असं म्हटलं की मागची गोणी निघते. तीच चाळावी.

बांधून देतात ती मऊ प्लास्टिकची पाकिटं घरी जाऊन लगेच काढून टाका. ज्याला नव्या रेक्झिनसारखा वास येतो ते पीव्हीसी, आणि पावसाळ्यात त्याचा हिरवा चिकटा नाण्यावर उतरतो. तो शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो; नखांचं रिमूव्हर नको, त्यात तेल आणि रंग असतो. मायलरची (पारदर्शक प्लास्टिक फिल्मची) खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट घ्यावी, पिना पक्कडीने सपाट कराव्यात आणि डब्यात सिलिका जेल टाकावं. फिकट हिरवी भुकटी सुटणारं तांबं मात्र वेगळ्या डब्यात ठेवा.

पावती मागितल्यावर आधी 'लागते कशाला?' होतं, मग साध्या वहीतला कागद मिळतो. त्यावर धातू, वजन आणि किंमत लिहूनच घ्या. शंभर वर्षांवरचं नाणं 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. विकणाऱ्याला परवाना लागतो आणि ते परदेशी पाठवता येत नाही. 'शेतात नांगरताना सापडलेला हंडा आहे, गुपचूप घ्या' असं कुणी कानात सांगितलं, तर तिथून निघावं. 1878च्या कायद्यानुसार दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

जायचं तर दुपारी बारानंतर, भिंग आपलं नेऊन. आत पिवळा बल्ब आहे आणि त्या उजेडात चांदी-पितळ सगळं सारखंच दिसतं. ट्रे उचलून दारात आणू देतात.