चंद्रावरचा झेंडा की निर्मनुष्य जहाज: इंग्रजीच्या वर्गासाठी काय निवडावे?

घडून गेलेल्या गोष्टीविषयी अंदाज बांधण्याचे ‘मस्ट हॅव’, ‘माइट हॅव’ आणि ‘कान्ट हॅव’ हे प्रयोग प्रौढांना शिकवताना पुस्तकातली सुटी वाक्ये फार काळ पुरत नाहीत. त्यामुळे दादरच्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात मी आधी कटकारस्थानांच्या कथा घेतल्या आणि नंतर खरोखर न उलगडलेली प्रकरणे.

१९६९मध्ये माणूस चंद्रावर उतरलाच नाही, हा दावा फळ्यावर लिहिला की नोकरीवरून दमून आलेली माणसेही तावातावाने बोलू लागतात. झेंडा फडकल्यासारखा का दिसतो (त्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती), आकाशात तारे का नाहीत (उन्हात उजळलेल्या जमिनीसाठी कॅमेरा लावला की अंधूक तारे उमटत नाहीत), अशा प्रत्येक शंकेतून वाक्ये निघतात. ‘इट इज क्लेम्ड दॅट’ ही रचना आणि ‘एव्हिडन्स’, ‘अलेज्ड’ हे वर्तमानपत्रात रोज भेटणारे शब्द तर याच धड्यात सर्वांत पक्के होतात.

मला खटकले ते वेगळेच. चाळिशीतल्या एका विद्यार्थ्याने वहीत ‘दे मस्ट हॅव फिल्म्ड इट इन अ स्टुडिओ’ असे लिहिले होते. व्याकरण निर्दोष होते, म्हणून मी लाल शाईने बरोबरची खूण केली. पुढच्या आठवड्यात कळले की त्या पानाचा फोटो, ‘सरांनीही मान्य केले’ अशा ओळीसह, त्यांच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला होता. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पुराव्याशिवाय ‘मस्ट’ वापरायची सवय मात्र मीच लावली होती.

डिसेंबर १८७२मध्ये अटलांटिक महासागरात निर्मनुष्य सापडलेल्या ‘मेरी सेलेस्ट’ जहाजाच्या बाबतीत हे होत नाही. होडी जागेवर नव्हती, म्हणजे माणसे तिच्यातून ‘गेलीच असणार’. अन्न भरपूर उरले होते, म्हणजे ते ‘संपलेच नसणार’. मालात अल्कोहोलची पिंपे होती, म्हणजे वाफांच्या भडक्याला ती ‘घाबरली असतील’. एरवी तिन्ही ठिकाणी ‘असेल’ म्हणून मोकळे होणाऱ्यांना मस्ट, कान्ट आणि माइट यांतला फरक इथे पुराव्यावरून कळतो. शब्दसंपदा थोडी दर्यावर्दी आहे आणि पहिली दहा मिनिटे वर्ग शांत असतो, हे मान्य करावे लागेल.

वर्ग वादविवादात मुरलेला असेल, तर चंद्राचा धडा जरूर घ्यावा. मात्र माझ्या मते आधी जहाजाचा घ्यावा आणि वहीत खूण करताना ‘फक्त व्याकरण बरोबर’ असे शेजारी लिहावे.