साधी मुलतानी माती पावडर: तेलकट चेहऱ्याला मस्त, पिंपल्सचं औषध मात्र नाही

घरी फेसमास्क करायचा असेल तर मी ही साधी मुलतानी माती पावडरच घ्या म्हणेन, फक्त घेताना पॅकेटच्या मागचं वाचा, घटक एकच लिहिलेला हवा. सुगंध घातलेली पण मिळते, सेन्सिटिव्ह स्किन असेल तर ती नकोच, कॉस्मेटिक्सच्या अ‍ॅलर्जीत सुगंध हे नेहमीचं कारण असतं.

माझ्याकडची पावडर एकदम वस्त्रगाळ आहे, बोटांत चोळली तरी कचकच लागत नाही. कालवताना आधी वाटीत पाणी घ्यायचं आणि वरून पावडर भुरभुरायची, पाच मिनिटं हातच लावायचा नाही, ती आपोआप भिजून खाली बसते आणि मग ढवळलं की मऊसूत पेस्ट होते. उलट केलं, म्हणजे पावडरवर पाणी ओतलं, की गुठळ्या.

तेल ओढून घेण्यात हिला तोड नाही. मास्क सुकायला लागला की नाकाच्या बाजूला बारीक गडद ठिपके उठतात, ते आतून वर आलेलं तेल. धुतल्यावर चेहरा मॅट दिसतो, ब्लॅकहेड्स कमी जाणवतात, पण हे तात्पुरतं असतं हां, पोअर्स, म्हणजे स्किनवरची बारीक छिद्रं, कायमची लहान करणारा मास्क अजून कुणी बनवलेला नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण सुकू द्यायचा नाही. कडा फिकट झाल्या आणि मधे अजून ओलसर आहे तेवढ्यात धुवून टाका, साधारण 10 मिनिटं पुरतात, तडे जाईपर्यंत बसलात तर स्किन ओढल्यासारखी होते, लाल पडते. धुताना घासू नका, आधी पाण्याने भिजवा मग ती सुटते, आणि लगेच मॉइश्चरायझर.

आणि प्लीज यात लिंबू पिळू नका, सगळीकडे सांगतात तरी नका. स्किनचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 5 च्या आसपास असतो, लिंबाचा 2 च्या जवळ, त्यात लिंबू लावून उन्हात गेलं तर चेहरा भाजल्यासारखा होऊन काळे डाग राहू शकतात. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा, तोही नको. कोरडी स्किन असेल तर माती सोडाच, ओट्स बारीक दळून पाण्यात भिजवून लावा, खाज आणि कोरडेपणा दोन्हीला बरं वाटतं. काहीही लावा पण आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून 24 तास बघा.

5 पैकी 4 स्टार देतेय. एक कापला कारण पॅकेटवर चक्क "पिंपल्स मुळापासून घालवते" छापलंय आणि असं वाचून कोवळी पोरं डॉक्टरकडे जायचं लांबवतात, याचा मला खरंच राग येतो. पिंपल्स आत पोअरमधे तेल आणि मृत पेशी अडकून होतात, त्यात हार्मोन्सचा भाग असतो, वरून लावलेली माती तिथवर पोचत नाही. दुखणाऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील तर सरळ स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, आणि अ‍ॅडापलीनसारखं पिंपल्सवरचं क्रीम चालू असेल तर त्यांना विचारल्याशिवाय हा मास्क लावू नका, स्किन आधीच कोरडी झालेली असते.

कालवलेला मास्क उरला तर फेकून द्या, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. पावडर कोरड्या बरणीत ठेवा, ओला चमचा अजिबात घालू नका, आणि पहिल्यांदा घेत असाल तर छोटंच पॅकेट घ्या, एका वेळी दोन चमचे पावडर भरपूर होते.